रोज सुटणारी वायर

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

पोचले बाई एकदाची कोल्हापुरात. अंबाजोगाईपासून एसटीत शेजारी बसलेल्या काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तरी मी खुशीत. स्टँडवर राजवीर स्वतः घ्यायला आला होता. चार वर्षं लिनक्सच्या ग्रुपवर ज्याच्याशी भांडले, ज्याच्याकडून सगळं शिकले, तो माणूस आज पहिल्यांदा समोर पाहिला. फोटोपेक्षा बरा आहे. माझ्या पहिल्या लॅपटॉपचा आवाज बंद पडला होता, तेव्हा फोनवर बसून यानेच तो चालू करून दिला. तेव्हापासून मी याला मानते. सध्या मानते एवढंच लिहिते.

शाहूपुरीत त्याचं दुकान आहे. पुढे फ्लेक्सची छपाई, मागे काचेच्या खोलीत जाहिरातींचं रेकॉर्डिंग. रिक्षावर कर्णा लावून जी जाहिरात गल्लोगल्ली फिरते, ती इथे तयार होते. निवडणुका तोंडावर आल्यात, काम उतू चाललंय, आणि सगळे कॉम्प्युटर अजून विंडोज दहावर, ज्याला आता कोणी वाली नाही. ते सगळे मी लिनक्सवर आणायचे. आधी आवाज, मग चित्र. बाहेरची कंपनी बोलावता आली असती, पण तुझ्यावर भरवसा आहे, असं तो म्हणाला. मला तेवढं पुरतं.

मागच्या अंगाला एक बाई फ्लेक्स कापत बसते. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे दिसतात. राजवीर म्हणाला, चुलत बहीण आहे, निशिगंधा, बिद्रीकडची, बोलता येत नाही. मी हसले तर तिने मान फिरवली. फिरवू दे.

जेवायला गल्लीच्या तोंडाशी चिमणाबाईंची खानावळ आहे. त्यांनी पहिल्या घासाआधीच माझी सगळी चौकशी केली आणि 'पोरी, लाजायचं न्हाय, भाकरी घे' म्हणून दटावलं. इथल्या पोरी बिनदिक्कत 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. ऐकून मजा वाटली. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, तू नको हो तशी बोलायला लागूस.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आवाज आला, पण तव्यावर मोहरी तडतडावी तसा. साउंड कार्ड जुनं, त्याला लिनक्सशी जमवून घ्यायला शिकवावं लागतं. दिवसभर टर्मिनलमध्ये तोंड खुपसून बसले आणि संध्याकाळपर्यंत तडतड पार घालवली. माईकची तार तुटायला आली होती, तीही डाग देऊन जोडली. सोल्डरिंग करताना नेहमीसारखा उजव्या मनगटावरचा जुना डाग दिसला. लहानपणी आईच्या इस्त्रीवर हात पडला होता. आई शिवणकाम करायची, इस्त्री तापत ठेवून दारात गेली आणि मी हात घातला. आई अजूनही तो डाग दिसला की त्यावरून अंगठा फिरवते आणि स्वतःला बोल लावते.

चाचणीसाठी राजवीरने वाचायला कागद दिले. साडी सेंटर, ट्रॅक्टरचे टायर, कुणाचं तरी रक्षाविसर्जन. मी वाचत गेले. तो काचेपलीकडून डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, 'लई गोड हाय तुझा आवाज.' मी अजून वाचलं. वाचणारच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एक चमत्कारिक बिघाड. रोज सकाळी माईक मुका. कॉम्प्युटरवरचा आवाजाचा मिक्सर उघडावा तर माईकची पट्टी म्यूट केलेली. काल ती उघडी केली, आज पिनच निघालेली. जॅक ढिला असणार आणि वर एखादं अपडेट घोळ घालत असणार. अशा यंत्रांचा राग येत नाही मला, उलट चेव चढतो. म्यूट झालं की आपोआप उघडेल अशी एक स्क्रिप्ट लिहिली आणि पिन ग्लू गनने चिकटवून टाकली. आता सुटून दाखव म्हणावं.

निशिगंधा मागे उभी राहून बघत होती. मी वळले तर तिचे डोळे भरलेले. फ्लेक्सच्या शाईचा वास झोंबत असेल.

घसा बसलाय. राजवीरने गंगावेशीत नेऊन म्हशीचं ताजं दूध पाजलं. कट्ट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो असं वाटावं इतका तो जवळ होता. लग्न का नाही केलंस, असं विचारलं. तो हसला आणि म्हणाला, थांबलो होतो.

सोमवार, १० नोव्हेंबर

खानावळीसमोरून रिक्षा गेली आणि कर्ण्यातून मी बोलत होते. टायरची जाहिरात. खणखणीत, स्वच्छ, एकही तडतड नाही. मी पाण्याचा पेला हातात धरून तशीच उभी राहिले.

नुसती चाचणी म्हणाला होता. दुकानात जाऊन भांडणार होते, पण घशातून नुसती हवा निघाली. तो म्हणाला, तुला खूश करायचं होतं. असा बावरून म्हणाला की मीच विरघळले. डॉक्टरांनी तपासलं. घसा साफ आहे म्हणे.

आता चित्राचं काम. नवं ग्राफिक कार्ड आलंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ग्राफिक कार्डाने रडवलं. पडदा काळा, मग चिरफाळलेला. जुना ड्रायव्हर उपटून टाकला, नवा बसवला, आणि दुपारी चित्र असं उघडलं की बास. रंग तपासायला राजवीरने माझेच फोटो काढले, सगळ्या बाजूंनी. पडद्यावर माझ्या नाकावरचा तीळसुद्धा ठसठशीत.

कॅमेऱ्याच्या भिंगावर कोणी काळी चिकटपट्टी लावत होतं. मी दर वेळी सोलून काढली.

बोलणं पूर्ण बंद. लिहून दाखवते. आणि फोन माझा चेहरा ओळखत नाही. दहादा धरला. उजेड कमी असेल. पासवर्ड घातला तर तोही चालेना. फोन मीच राजवीरला दिला होता, नवं सिम घालायला. बघतो म्हणून त्याने परत ठेवून घेतला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दाभोळकर कॉर्नरला माझा फ्लेक्स. दुमजली घराएवढी मी, अंगावर कधी न नेसलेली पैठणी.

त्याच्याखाली उभी राहिले. कोणी वर बघून मग खाली माझ्याकडे बघितलं नाही.

खानावळीत नेहमीच्या जागी बसले. चिमणाबाई आल्या आणि म्हणाल्या, 'काय पावणं, कुठल्या गावचं? नवीन दिसताय.'

काल याच बाईने माझ्या ताटात हक्काने भाकरी वाढली होती. मी कागदावर माझं नाव लिहिलं. त्यांनी नातीकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, पूर्णिमा व्हय, ती राजवीरच्या दुकानातली, लई गोड पोरगी. मी छातीवर हात ठेवून सांगत राहिले. त्या मायेने म्हणाल्या, 'आसूदे, आधी जेवा.'

मग वाढता वाढता स्वतःच बोलल्या. राजवीरच्या बायकोचंबी आसंच हुतं. गावभर तिचाच आवाज, बोर्डावर तिचंच तोंड. आधी आवाज गेला. मग तोंड कुणाच्या ध्यानात ऱ्हाईना. आता तोंड बांधून बसती बिचारी, फ्लेक्स कापत.

बायको.

चुलत बहीण म्हणाला होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सगळं पुसून टाकायला गेले. माझं रेकॉर्डिंग, माझे फोटो, अख्खी डिस्क. कॉम्प्युटर आत घेईना. मीच बसवलेलं कुलूप, आणि किल्ली त्याने बदललेली. शाबास. शिष्या कोणाची मी.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: का?

त्याने नजर चुकवली नाही. नुसती लाज वाटून चुकवली असती तरी चाललं असतं मला. म्हणाला, 'बायको हाय माझी. तिचं सगळं मीच वापरून संपवलं. परत द्यायचं तर कुणाचं तरी घ्यायला लागतंय की.' आवाज नि चेहरा इतका स्वच्छ काढणारं दुसरं कोणी त्याला सापडत नव्हतं म्हणे. म्हणून चार वर्षं मला शिकवलं. प्रत्येक रात्रीचं ते 'जमलं का गं', ते सगळं यासाठी.

मी त्याच्यावर प्रेम करत होते. आता लिहून टाकते, कोणाला दाखवायचंय.

पोलिसांत जाते असं लिहिलं. तो म्हणाला, जा की, कोण अडवतंय. काय सांगशील आणि कशानं सांगशील. आणि आईकडे बघू नकोस, आईला तुझा फोन रोज जातोय. त्याने माझ्याच फोनवरून ऐकवलं. मी हसत होते. आई, जेवलीस का, म्हणत होते. आणि आई पलीकडून खुदखुदत होती.

रविवार, १६

निशिगंधाने स्कार्फ सोडला.

नाकावर तीळ.

मी मागे सरकले, ती पुढे आली नाही. खाली बसली आणि रडली. माझे डोळे रडताना असे लाल होतात हे मला ठाऊक नव्हतं. मग बोलली. माझा आवाज, बिद्रीची बोली—

'मी रोज वायर काढत हुतो. तू रोज लावत हुतीस.'

पिन. म्यूट. चिकटपट्टी. तिच्याकडे दुसरं काय होतं—

आणि मी ग्लू गन—

तिला म्हटलं, लिहून म्हटलं, परत दे. ती म्हणाली तिला परत कसं द्यायचं ठाऊक नाही. राजवीरने हाक मारली. ती उठून गेली. जाताना स्कार्फ माझ्या मांडीवर ठेवला. रस्त्यावर माणसं बघतात, आणि काहीच न दिसल्यासारखी पुढे जातात, ते सोसत नाही, म्हणाली.

सोमवार, १७

आई येतेय. त्याने बोलावलंय. लग्नाची बोलणी करायला—पूर्णिमाच्या.

आई ओळखेल. आवाज नाही, चेहरा नाही, पण डाग आहे. चेहऱ्याचे फोटो काढले त्याने, हाताचे नाही. आईसमोर मनगट धरायचं. बास.

दुपार

आई रिक्षातून उतरली. तिची नेहमीची निळी साडी. मी दारात उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाली, बाई, जरा सरकता का.

सरकले. का सरकले—

पायरीवर बसून लिहितेय. काचेतून दिसतंय. आईने निशिगंधाला पोटाशी धरलं. ती काहीतरी बोलली आणि आई हसली, कोल्हापूरची भाषा लागली वाटतं माझ्या पूर्णीला—

राजवीर चहा देतोय. वाकून नमस्कार करतोय.

आत जाते आता. बाही वर करायची, एवढंच—

आईने तिचा उजवा हात हातात घेतला. तळवा वर केला. अंगठा फिरवतेय. मनगटावर. आतल्या बाजूला. तोंड पाडून स्वतःला बोल लावतेय, नेहमीसारखी—

नाही

मी बाही वर केली, माझ्या मनगटावर काहीच—