बिशप बायकोला विचारतात

७ ऑक्टोबर, रविवार

आज तानियोसनं चर्च हलवून सोडलं! अजून साधा डीकन आहे — पाद्री व्हायला महिना बाकी — पण बोलायला लागला आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या जपमाळा थांबल्या. "जमीन देवाची. आपण सगळे तिच्यावरची कुळं. कुळानं कुळाला हाकलायचं नसतं!" रोख सरळ होता. चर्चच्या जैतुनाच्या झाडांखाली तंबू टाकून राहिलेल्या सीरियन निर्वासित कुटुंबांना थंडीआधी उठवायचा विश्वस्तांचा बेत आहे.

ते कुळाचं वाक्य माझं. म्हणजे, थोडंसं माझं. धर्मशास्त्र मी शिकले, नवरा गॅरेजवाला. जेवता जेवता वाद घालून घडवलाय त्याला. अभिमान वाटतो. वाटणारच!

९ ऑक्टोबर

भट्टीवर बायका आतापासूनच मला "खूरीये" म्हणायला लागल्यात. पाद्रीणबाई! "खूरीये, तुमची रोटी आधी काढते." मी नको नको म्हटलं. आणि आधी घेतली.

१४ ऑक्टोबर, रविवार

सिमानमामा जेवायला. माझे सख्खे मामा, आणि विश्वस्तांचे प्रमुख. मटणाचे किब्बे दोनदा वाढून घेतले, मग विषय काढला. "जावईबापू, प्रवचन झकास झालं. आता पुरे."

मीच म्हटलं, "का पुरे?"

"त्या सीरियनांच्या सैनिकांनी माझ्या भावाला, हबीबला चौकीवरून नेलं. तीस वर्षं झाली. आई दाराकडे बघत मेली. आणि मी त्यांना जैतुनाची सावली देऊ?"

"नेलं ते सैनिकांनी, मामा. तंबूतल्या फिद्दाच्या पोरांनी नाही."

"तू गप गं. तुझं सगळं पुस्तकी."

डोळे भरले होते त्यांचे. मला कणव आली आणि रागही आला. तानियोस काय म्हणतो म्हणून पाहत राहिले. त्यानं कॉफी ओतली.

दारात मामा म्हणाले, "गावानं नको म्हटलं तर बिशप दुसरा पाद्री पाठवतील हां."

२१ ऑक्टोबर, रविवार

प्रवचनाचा विषय — संयम. सगळ्यांना आवडलं.

२४ ऑक्टोबर

तंबूंना निरोप गेला. दीक्षाविधीच्या आधी जागा मोकळी करायची — पाहुण्यांच्या गाड्या लावायला! फिद्दा माझ्या शाळेच्या फाटकाशी उभी होती. "बाई, साहेब बोलतील ना?"

"बोलतील. माझा नवरा आहे तो!" छाती फुगवून सांगितलं.

घरी विचारलं. "एकदा दीक्षा होऊ दे, नुहाद. मग पाद्री म्हणून बोलेन, तेव्हा वजन येईल."

"तोवर ते लोक कुठं जातील?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"थंडीचे दिवस आहेत!"

भांडी मी घासली. मोठ्यानं.

२८ ऑक्टोबर

हाच माणूस बर्फात अडकलेल्या कुणाच्याही गाडीसाठी डोंगर चढून जायचा. नाव विचारायचा नाही, गाव विचारायचा नाही. हातांना ग्रीस, कपाळावर ग्रीस. मी वर्गात पोरांना माणसाची प्रतिष्ठा वगैरे फळ्यावर लिहून देते, तो गाडीखाली आडवा होऊन ती जपतो. म्हणून तर लग्न केलं! म्हणून तर एवढा राग येतोय. दुसरा कुणी घाबरला असता तर मला काय फरक पडला असता?

२ नोव्हेंबर

उद्या बिशपांकडे. आमच्यात लग्न झालेला माणूस पाद्री होऊ शकतो, पण बायकोची संमती लागते. बिशप तिला एकटीला आत बोलावून विचारतात. सगळ्या हो म्हणतात. सासूबाईंनी माझ्यासाठी निळा कोट शिवायला टाकलाय.

तानियोस बूट पुसत म्हणाला, "तुझं एका शब्दाचं काम."

३ नोव्हेंबर

मी नाही म्हटलं.

बिशपांनी कारण विचारलं. म्हटलं, "पाद्री व्हायचं म्हणून जो आज गप्प बसतो, तो पाद्री झाल्यावरही गप्पच बसेल." मग त्यांनी तानियोसला आत घेतलं आणि त्याच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. सांगितलं. घाट उतरेपर्यंत तो नुसता रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मला वाटलं, संपलं आमचं.

गावात शिरताच त्यानं मामांच्या दारात गाडी थांबवली, उतरला आणि भर चौकात म्हणाला, "मामा, मी पाद्री होत नाहीये. आता तंबू उठवायला याल, तर मी तिथं उभा असेन."

मी गाडीत बसून रडले. अभिमानानं — दुसरं काय!