राणीच्या आईचं नाव

सान्ता रुफिना, खालची आळी
८ जानेवारी १९७९

ती. दोमितिला आजी यांस,
अजून एकदाही समोर न आलेल्या नातीचा सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता वाचून पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, चौक ओलांडला की तुझ्या आजीचं घर, आणि तू तिकीट काय चिकटवतेस. मी म्हटलं, वरच्या आळीत पाऊल टाकलं तर आमची माणसं माझा मुकुट काढून घेतील, त्यापेक्षा तिकीट बरं. तर आजी, तुमच्या कानावर आलेली बातमी खरी आहे. यंदाच्या कार्निव्हलला खालच्या आळीची राणी मी. एल्वियाची मुलगी, अनालीदा.

कॉलेजला सुट्टी लागल्यापासून मी बाबांच्या आईकडे, पेत्रा आजीकडे राहते आहे. सकाळी शिंपीण मापं घेते, दुपारी रथावर उभं राहून हात कसा हलवायचा ते शिकवतात, आणि दिवसभर घरातले सगळे एकाच वेळी बोलतात. मला भूक नाही, झोप नाही, तरी शिंपीण रोज कंबर उसवते, कारण पेत्रा आजी येता-जाता तोंडात तिच्या दुकानातल्या मसालेदार चोरिसो सॉसेजचा तुकडा कोंबते.

आता कामाचं. वरच्या आळीची टोमण्याची गाणी तीस वर्षं तुम्ही लिहिता हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मला काय हवं ते म्हणा. माझं नाक आहे, माझे पाय आहेत, मी शहरी पोपटासारखी बोलते. जिच्यावर गाणं झालं नाही ती राणी कुणी पाहिलीच नाही, असं पेत्रा आजी म्हणते. पण आईला सोडा. ती येणार आहे, आजी. एकवीस वर्षांनी, कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी, मला पाहायला. तिची अट एकच: तुमच्या मेळ्याच्या तोंडून तिच्या बदनामीची एक ओळ ऐकू आली, की ती तिथल्या तिथे गाडीत बसेल आणि पुन्हा या गावाचं तोंड पाहणार नाही. ती बोलते तसं करते. हे ती कुणाकडून शिकली ते मला माहीत नाही.

उत्तराची वाट बघते. राग धरायचा असेल तर तो कार्निव्हलपुरताच धरावा, ही विनंती.
आपली,
अनालीदा

---

येशू, मरिया, योसेफ

वरची आळी
११ जानेवारी १९७९

चि. अनालीदा हिला अ. आ.

आशीर्वाद नात म्हणून. खालच्या आळीची राणी म्हणून तुला माझ्याकडून काही मिळायचं नाही.

तुझं अक्षर वाईट आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्नांनी असल्या कागदाचे चार तुकडे करून आम्हाला पुन्हा लिहायला बसवलं असतं. हल्ली अक्षर कुणी शिकवत नाही, हात हलवायला शिकवतात.

तुझी आई अट घालते हे वाचलं. अट कुणी कुणाला घालायची? काय झालं होतं ते तुला तिकडच्या बाजूनं सांगितलं असेल, आता माझ्याकडून ऐक. अठ्ठावन्न साली खालच्या आळीची राणी होती तुझी आत्या. मी दोनच ओळी लिहिल्या:

राणी नटली खालच्या आळीची, गळ्यात सोन्याचा हार,
विचारा तिच्या आईला, तराजूत अंगठ्याचा किती भार.

कार्निव्हल संपून राखेचा बुधवार उजाडेपर्यंत गाव हसत होतं. पेत्राने चोरिसोचं दुकान महिनाभर उघडलं नाही. त्या राणीच्या भावाला, बोलिव्हारला, माझ्या पोटच्या पोरीने लग्नाचं वचन दिलं होतं, हे मला कोण सांगणार? मी आई आहे, ज्योतिषी नाही. एल्विया गेली. ईस्टर झाल्यावर शहरात लग्न केलं. मला कसं कळलं ते सांगते. मी तेव्हा तार ऑफिसात होते. तार पेत्राच्या नावाची होती. ती मीच उतरवून घेतली, मीच पाकिटात घातली आणि चौक ओलांडून मीच पोचती केली.

आता यंदाचं. काल आमच्या आळीचे अध्यक्ष सातुर्निनो, ते औषधवाले, आणखी दोघांना घेऊन आले. माझ्या गॅलरीत बसून माझी कॉफी पिऊन मला म्हणाले, की यंदा विषय आभाळातून पडला आहे. राणीची आई आमच्याच आळीची, आणि पळून शत्रूच्या घरी जेवायला बसली. यावरच लिहा. मी म्हटलं, विचार करते. तर म्हणाले, विचारात वेळ गेला तर तोरिबिया लिहायला तयार आहे. तोरिबियाला यमक जुळवता येत नाही, त्यामुळे ती खोटं जुळवते. एल्विया बूट हातात घेऊन खिडकीतून उडी मारून गेली असं ती आत्ताच सांगत फिरते आहे. एल्विया दारातून गेली, भर दुपारी, आणि बूट पायात होते. मी पाहत होते.

म्हणजे मी नाही म्हटलं तरी तुझ्या आईवर गाणं होणारच. माझं होईल किंवा तोरिबियाचं. मी काय करावं असं तुझं म्हणणं आहे ते स्वच्छ अक्षरात कळव.

तब्येत जप. चोरिसो कमी खा.
तुझी आजी,
दोमितिला

---

खालची आळी
१९ जानेवारी १९७९

प्रिय आजी, सा. न.

तुम्ही मला तब्येत जप म्हणालात, म्हणून आता मी तू म्हणणार. तुझं पत्र मी पेत्रा आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. हसून हसून तिला ठसका लागला. ती म्हणाली, दोमितिलाला सांग, अंगठा माझाच होता आणि भारही होता, खोटं एक अक्षर नव्हतं. तिने तुला केव्हाच माफ केलंय. आता दुकानात अंगठ्याचं गाणं तीच गुणगुणते. रागावली आहे ती फक्त आई.

आणि आजी, मी एक गोष्ट सांगणार आहे, जी सांगितली हे कळलं तर आई मला राणीबिणी न बघता झोडपेल. गेली पंधरा वर्षं आमच्या आळीची गाणी कोण लिहितं, असा तुला कधी प्रश्न पडला का? दर जानेवारीत आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसते, बाबांना आणि मला बाहेर काढते, आणि बोटांवर मात्रा मोजते. मग पाकीट पेत्रा आजीच्या नावाने गावाला येतं. गॅलरीतल्या लोखंडी बाईचं गाणं तिचं. तुझ्या कवळीचं गाणंही तिचंच.

दर वर्षी परत गेलं की ती मला पहिलं एकच विचारते. आमचं गाणं कसं झालं हे नाही. त्या काय म्हणाल्या, ते. मी तुझी कडवी पाठ करून नेते. ती ऐकते आणि म्हणते, दुसरी ओळ चांगली आहे.

काय करायचं ते मला सुचत नाही. तूच काहीतरी कर. इथे रथाला रंग लागतोय, माझ्या केसांत लावायची फुलं तारेवर बसवून झालीत, मान हलवली की सगळी थरथरतात, आणि माझंही तसंच चाललंय.

तुझी,
अनालीदा

---

येशू, मरिया, योसेफ

वरची आळी
२२ जानेवारी १९७९

चि. अनालीदा हिला अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने.

म्हणजे कवळी तिची. भर चौकात, दोनशे बायकांच्या तोंडून, ढोलाच्या तालावर माझे दात काढणारी बाई आता म्हणते की माझं नाव घ्यायचं नाही. निर्लज्जपणालाही काही शिस्त असते. आणि मी मूर्ख, पाच वर्षं त्या कडव्याचं मनातल्या मनात कौतुक करत होते. सातुर्निनोला मी तेव्हाच म्हटलं होतं, की खालच्या आळीत कुणीतरी शिकलेलं माणूस आलं आहे, हे पेत्राच्या घरचं डोकं नाही. तिसऱ्या ओळीत श्वास घ्यायला जागा कुठे सोडायची, हे शिकवून येत नाही.

दुसरी ओळ चांगली आहे म्हणाली का? कुठल्या वर्षाची दुसरी ओळ, ते नीट विचारून कळव.

काल मी स्वतः सातुर्निनोच्या दुकानात गेले. त्यांना म्हटलं, एल्वियाची गोष्ट शिळी झाली, गावातल्या कुत्र्यांनाही पाठ आहे. त्या राणीच्या घराण्यातली याहून मोठी फजिती माझ्याकडे आहे, आणि ती या गावात कुणालाही माहीत नाही. सातुर्निनोंचे डोळे बशीएवढे झाले. ते म्हणाले, आत्ता सांगा. मी म्हटलं, मंगळवारी दुपारी. कागद मीच हातात देईन, आणि तोपर्यंत तोरिबियाने लेखणीला हात लावायचा नाही. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला.

आईला सांग, यावं. तिच्या बदनामीचं एक अक्षर चौकात ऐकू येणार नाही. गाणं काय आहे ते विचारू नकोस. मी दोन रात्री खोडते आहे आणि लिहिते आहे, बहात्तराव्या वर्षी मला परीक्षेला बसल्यासारखं झालं आहे.

केसांतली फुलं उजवीकडे जड करू नका, मान दुखते. मी राणी होते तेव्हा दुखली होती.

भेटीचं बघू.
तुझी आजी,
दोमितिला

---

पनामा शहर
१ मार्च १९७९

ती. आई,

काय लिहून सुरुवात करायची ते मी विसरले आहे, म्हणून तशीच सुरू करते.

मी आले होते. आमच्या मेळ्याच्या मागे, टोपी घालून, गाडीचं दार उघडं ठेवून उभी होते. अनालीदा रथावर होती. आई, पांढऱ्या पोय्येरा झग्याच्या घेरात ती अशी दिसत होती, की दोन्ही आळ्यांचे लोक माना उंचावून तिलाच बघत होते. मग तुमचा मेळा वळून चौकात आला. गाणं उचलायचं होतं तोरिबियाने, कागद तिच्या हातात होता. ती वाचत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. ती मान हलवून तुला काहीतरी म्हणाली. मला नंतर कळलं, ती म्हणाली की हे आपल्याच माणसावर आहे, मी गाणार नाही. तू कागद हिसकावलास आणि स्वतः सुरुवात केलीस. तुझा आवाज पहिल्यापासून गंजलेलाच.

खालच्या आळीची राणी जन्मली, आजी निघाली भेटीला,
कोंबडी घेऊन शहरात गेली, बसली दवाखान्याच्या पायरीला,
वर चढाया पाय उचलेना, ताठा लागला मानेला,
कोंबडी घेऊन परत आली, सांगितलं नाही कुणाला.

पहिल्या ओळीला मी गाडीकडे वळले होते. दुसरीला थांबले. तुमचे लोक हसत होते, कारण त्यांना हसायची सवय आहे. तिसऱ्या ओळीला हसणं विरळ झालं. चौथी ओळ तू एकटीच म्हणालीस, आणि मग मेळ्याने ती उचलली, कारण सूर सोडता येत नाही.

उत्तर ढोलाचे तीन फेरे व्हायच्या आत द्यायचं असतं, हे तुला सांगायला नको. आमच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. पर्समध्ये चार ओळी तयार होत्या. तू काहीही गायलं असतंस तरी चालल्या असत्या, एवढ्या कडू होत्या. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. पेत्रा माझ्या दंडाला चिमटे काढत होती, ओरडत होती, की बाई गं, दे ना, दे. तिसरा फेरा गेला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा खालच्या आळीला उत्तर सापडलं नाही. वर आमच्या राणीने रथावरून शत्रूच्या गाण्याला टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघी आता त्या आळीत तोंड दाखवू शकत नाही. बोलिव्हार म्हणतात, की त्यांच्या बहात्तर नातेवाइकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलंय, आणि घर कसं शांत आहे.

मी तिसऱ्या मजल्यावर होते, आई. माझी खाट खिडकीशी होती आणि खिडकी रस्त्यावर उघडायची. तीन दिवस मी रस्ता बघत होते. गावाकडची बस कुठे थांबते ते दिसायचं. पायरी दिसत नव्हती.

त्या दिवशी तुझ्या घरी न येताच निघाले. तोंडाने काय बोलायचं ते सुचलं नसतं, मला फक्त लिहिता येतं. आज एवढंच विचारते. कोंबडीचं काय केलंस?

एल्विया

---

येशू, मरिया, योसेफ

वरची आळी
५ मार्च १९७९

चि. एल्विया हिला अ. आ.

आम्ही जिंकलो, हे आधी लिहिते. सातुर्निनोंनी मला सर्वांसमोर मिठी मारली, त्यांच्या अंगाला कापराचा वास येतो. तोरिबिया माझ्याशी बोलत नाही, तेवढीच कानांना विश्रांती. पेत्रा काल चौक ओलांडून आली. तिने चोरिसोची माळ टेबलावर ठेवली, म्हणाली, तोलून घे, आणि बसली. अडीच तास बसली.

तू उत्तर दिलं नाहीस याचा मला राग आहे. तयार ओळी पर्समध्ये ठेवून घरी जाणं हा आळशीपणा आहे. ईस्टरला इथे ये, त्या चार ओळी घेऊन ये, आणि गॅलरीत माझ्यासमोर बसून वाच. तिसऱ्या ओळीत काही ढिलं असेल तर मी सांगेन. अनालीदाला आण, तिच्या अक्षराचं काहीतरी करायला हवं. बोलिव्हारलाही आण. एकवीस वर्षांत मी त्याला नीट पाहिलेलं नाही.

मी पायरीवर सकाळी दहापासून चारच्या बसपर्यंत होते. पहारेकरी दोनदा म्हणाला, की बाई, कोंबडीला वर बंदी आहे, तुम्हाला नाही. खिडकीखाली उभी राहिले असते तर कदाचित दिसले असते. हे मला तुझ्या पत्राने कळलं.

कोंबडी कापली नाही. परसात सहा वर्षं होती, शेवटी शेवटी अंडीही देत नव्हती, म्हातारी होऊन मेली. शेजारणी विचारायच्या, की दोमितिला, रस्सा कधी. मी कुणाला काय सांगणार? ती बाळंतिणीसाठी आणली होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारची बस घे. स्टँडवर मी असेन. माझा लोभ तुला वर्षाला चार ओळींनी मिळत होता, आता सबंध घे.

तुझी,
आई