पहिल्या तासाची टेप

९ जुलै १९७९
प्राचार्यांनी बोलावलं. कुही आणि रामटेककडून येणाऱ्या सात जणांनी अर्ज दिला आहे. सव्वासातचा पहिला तास बुडतो, कारण एस.टी. पावणेआठच्या आत पोचत नाही. तास पुढे घ्या म्हणतात. आमच्या वेळी आम्ही तास पुढे घेत नव्हतो, स्वतः लवकर उठत होतो. (मी तेव्हाही महाल भागातच राहत होतो, कॉलेज पाच मिनिटांवर. पण तत्त्व ते तत्त्व.)

१२ जुलै
टाइमटेबल हलणार नाही. त्याऐवजी ग्रँटमधून टेपरेकॉर्डर आला आहे. पहिला तास टेप होणार, कॅसेट लायब्ररीत राहणार, ज्याचा बुडला त्याने तिथे बसून ऐकावा. सुरुवात राज्यशास्त्रापासून, म्हणजे माझ्यापासून. माझीच निवड का, असं विचारलं. प्राचार्य म्हणाले, पहिला तास तुमचाच आहे म्हणून. चारचौघांत दुसरं काय म्हणणार. आवाज कोणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.
संकल्प: वर्षभरात साठ टेपा. पुढेमागे विद्यापीठ त्या इतर कॉलेजांना पाठवील.

१५ जुलै, रविवार
घशासाठी ज्येष्ठमध सुरू. थंड पाणी बंद. सकाळी गच्चीवर उभं राहून सराव केला. सौ. प्रमोदिनी खालून धावत आली. तिला वाटलं मी दूधवाल्याशी भांडून राहिलो.

१८ जुलै
पहिलं रेकॉर्डिंग. विषय समानतेचा हक्क. लायब्ररियन दत्तोपंतांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि बटन दाबलं. वर्ग रंगला. हजेरीच्या वेळीच पोरं खळखळून हसली. गेली एकोणीस वर्षं शिकवतो आहे, पण वर्ग हसता ठेवणं सगळ्यांना जमत नाही. देशपांडे शिकवतात तेव्हा पाल चुकचुकली तरी ऐकू येते.
अर्ध्या तासानंतर कॅसेट संपली. उलटवायला दत्तोपंत नव्हते. शेवटची पंधरा मिनिटं इतिहासात हरवली.

२७ जुलै
दत्तोपंतांचं रजिस्टर पाहिलं. अर्ज करणाऱ्या सातपैकी सहा जण पहिली टेप ऐकून गेले ते परत फिरकलेच नाहीत. खेड्यातल्या पोरांत चिकाटी नाही. यंत्र आणून द्या, हेडफोन आणून द्या, काही उपयोग नाही. फक्त कुहीची कौसल्या रोज येते. बसून नोट्स काढते. एका विद्यार्थिनीचा जरी फायदा झाला तरी मी समाधानी आहे.
प्रमोदिनीला हे सांगितलं. ती म्हणाली, सहा जण का आले नाहीत ते विचारा. यामागे स्टाफरूममधलं राजकारण असणार, ते तिला कळत नाही.

६ ऑगस्ट
विद्यापीठाची कमिटी वीस तारखेला नवीन साधनं पाहायला येते आहे. त्यांना नमुन्याची एक टेप ऐकवायची. दत्तोपंतांना म्हटलं, सगळ्यांत चांगली काढून ठेवा. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "सर, तुम्हीच एकदा ऐकून घ्या." मला निवडीचा अधिकार देणं हा त्यांचा मोठेपणा.

११ ऑगस्ट, दुपारी
पहिली टेप ऐकली.
आधी वाटलं कॅसेट बदलली. आवाज नाकातला, किरकिरा. दत्तोपंतांना यंत्र तपासायला सांगितलं. ते म्हणाले, यंत्र ठीक आहे. मग हजेरी सुरू झाली. नाव घेतलं, "कौसल्या." कोणी उत्तर दिलं नाही. देणार कुठून, ती तेव्हा बसमध्ये होती. आणि तो नाकातला आवाज तिची नक्कल करू लागला. "सर जी, गाडी मांगं राह्यली नं जी." वर्ग हसला. आवाजाला चेव आला. "राणीसाहेबांची बैलबंडी उमरेड रोडले अडकली असन. धान लावायचं सोडून राज्यशास्त्र कायले पाह्यजे गा?" वर्ग आणखी हसला. मग एक खाकरा, आणि, "हं, तर समानतेचा हक्क."
हेडफोन काढून ठेवला. रजिस्टरमध्ये त्या टेपपुढे तिची सही तीनदा आहे.
घरी आलो. जेवलो नाही. प्रमोदिनीला म्हटलं, पित्त झालं.

१२ ऑगस्ट
विचार केला. वर्गात थोडी गंमत चालते. सगळेच करतात. शिवाय नक्कल वाईट नव्हती.
हे लिहून खोडलं होतं. पुन्हा लिहिलं, कारण काल संध्याकाळपासून स्वतःशी हेच म्हणत होतो.

१३ ऑगस्ट
दत्तोपंतांना सुचवलं की टेप पुसून टाकावी. ते म्हणाले, पुसतो, पण त्या मुलीकडे त्या धड्याचं दुसरं काहीच नाही. मग मीच ठरवलं: नवीन टेप करायची. हजेरी नाही, गंमत नाही, नुसता विषय. ती तिच्या हातात द्यायची आणि माफीचं एक वाक्य म्हणायचं. वाक्य तयार केलं आहे. "त्या दिवशी माझ्याकडून जे बोललं गेलं त्याचं मला वाईट वाटतं." बोललं गेलं, की मी बोललो? रात्रीपर्यंत ठरवीन.

१४ ऑगस्ट
कॉलेज सुटल्यावर रिकाम्या लायब्ररीत बसून टेप केली. पंचेचाळीस मिनिटांचा तास. हजेरी, टोमणे आणि "म्हणजे काय की" वगळून एकोणीस मिनिटांत संपला. दत्तोपंत बाहेर बाकावर बसले होते. मी इतक्या लवकर बाहेर आलो याचं त्यांना नवल वाटलं नाही.
वाक्य ठरलं. "मी बोललो" असंच म्हणायचं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल. आलं तर रुमाल जवळ असावा.

१६ ऑगस्ट
मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात भेटली. उंच, काळीसावळी, हातात कापडी पिशवी. मी तिच्याकडे आजवर नीट पाहिलंच नव्हतं. आवाजच तेवढा उचलला होता. कॅसेट पुढे केली, म्हटलं, ही त्या पहिल्या धड्याची नवीन टेप, तुझ्यासाठी केली.
ती गोंधळली. म्हणाली, "कायले तरास घेतला सर. मी थो भाग पुढं पळवून घेत होती."
कोणता भाग, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.
"हजेरीचा. बटन कुठवर दाबाचं थे आता माईत झालं मले." रागानं नाही म्हणाली. बसचा वेळ सांगावा तसं सांगितलं.
मी म्हटलं, पहिल्या टेपमध्ये माझ्याकडून ते—
ती खाली पाहून म्हणाली, "सगळ्याच टेपमध्ये असते नं, सर."
मग ती पुढच्या तासाला गेली. कॅसेट पिशवीत घातली होती. तेवढं बरं.
लायब्ररीत एकूण अकरा टेपा आहेत. मी एक ऐकली आहे. तयार केलेलं वाक्य त्या एकीपुरतंच होतं, आणि तेही म्हणायचं राहिलं.