खंडेनवमीची शक्तिमान

उचगाव, कोल्हापूर
३ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आण्णा,

तुमच्या आणि आक्काच्या पायांवर डोकं ठेवते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. राजवीरचा खोकला थांबला. आदर्शना कागलच्या कंपनीत या महिन्यात दिवसपाळी आहे. आज एकादशी, त्यामुळे घरात कुणी जेवत नाही याचं शेजाऱ्यांना काही वाटत नाही, एवढं बरं आहे.

पत्र बघून म्हणाल, फोन असताना ही पोरगी कागद कशाला खरडत बसली? फोनवर मी 'तात्या' म्हटलं की तुम्ही 'थांब, आक्काला देतो' म्हणता आणि 'ट्रक' म्हटलं की फोनच ठेवता. कागद फेकायच्या आधी निदान माणूस वाचतो तरी.

यंदा झेंडू महाग होता. पाऊस फार झाला ना, फुलं कुजली. गल्लीत नवीन रस्ता...

जाऊ दे. मला झेंडूबद्दल लिहायचं नाही. आण्णा, मी अजून सावरलेले नाही. अक्षर बघूनच तुम्हाला कळलं असेल. मागचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा ओळीनं लिहू द्या, म्हणजे माझं मलाच पटेल.

माझ्या सासऱ्यांनी, तात्यांनी, कारखान्यातून रिटायर झाल्यावर लष्कराच्या लिलावातून ती जुनी शक्तिमान, मोडका ट्रकच तो, ओढून आणली तेव्हा सगळी गल्ली हसली होती. मग रविवारी रविवारी मंडळी जमायला लागली. राजारामपुरीचे डॉक्टर यायचे, दोन निवृत्त सुभेदार यायचे आणि इंजिनाच्या डिझेल पंपाच्या कामासाठी गडहिंग्लजहून तुम्ही. माझं लग्न त्या बॉनेटवर ठरलं. चहाचा कप ठेवता ठेवता तात्या म्हणाले होते, "मिस्त्री, पंप तुमचा, पोरगी आमची." व्याही-व्याही असे एकाच गाडीखाली उताणे पडलेले मी तरी दुसरे बघितले नाहीत.

आणि चार वर्षांपूर्वीची ती खंडेनवमी. पंप तुम्ही नवा करून दिला होता. शिरोळकडच्या ज्या फौजी गावाला ती गाडी चौकात स्मारक म्हणून ठेवायला द्यायची होती, तिथली माणसं हार घेऊन आली होती. तात्यांनी स्टार्टर दाबला, गाडीनं चार आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि पंप जाम. तेव्हा भर मंडळींत तात्या म्हणाले, "ज्ञानूराव, नवं सामान घातलं म्हणालासा. का जुनंच बसवून नवं दुकानात ठेवलं?"

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कोपरापर्यंत हात धुतलेत आणि वाढलेल्या ताटावरून निघून गेलात. तुमच्या नातवाच्या, राजवीरच्या, जावळालासुद्धा या घराची पायरी चढला नाहीत.

ती गोष्ट गडहिंग्लजला तुमच्या आधी पोचली. पंप खोलताना गिऱ्हाईक तुमच्या शेजारी उभं राहून नजर ठेवायला लागलं, हे मला आक्कानं सांगितलंय. वर्कशॉप गुडघ्यांमुळे बंद केलं असं तुम्ही सांगता. गुडघे तुमचे चांगले आहेत, आण्णा.

त्यानंतर तात्यांनी गाडीचं सगळं केलं. हौद्याच्या फळ्या बदलल्या, ताडपत्री शिवून घेतली, हिरवा रंग दोनदा दिला. पंपाला मात्र हात लावला नाही. मंडळी विचारायची, तात्या विषय बदलायचे. मला वाटायचं, तुमच्या आठवणीनं त्यांचा जीव होत नसेल. यंदा गावकऱ्यांनी तगादा लावला, तेव्हा शिरोलीच्या एका मिस्त्रीकडून पंप नीट करून घेतला.

तर आता ऐका. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी झेंडूची टोपली आणायला शेडमध्ये गेले. सासूबाई गाडीच्या टाकीपाशी वाकलेल्या. पदर खोचलेला, टाकीत नरसाळं, हातात पाण्याची कळशी. मला आधी वाटलं, गाडी धुताहेत. माणूस किती वेडा असतो बघा. समोर दिसतंय तेही खरं धरत नाही.

त्यांनी मला बघितलं. दचकल्यासुद्धा नाहीत. "आलीस? झाकण लावू लाग," म्हणाल्या.

"आई, हे काय ओतताय?"

"पाणी हाय. दुसरं काय असतंय कळशीत?"

"आणि त्या खेपेला?"

"त्या खेपेलाबी म्याच."

आण्णा, ही बाई भाजीवाल्यानं दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी परत द्यायला जाते. नृसिंहवाडीला दर पौर्णिमेला जाते. माझ्या बाळंतपणात हिनं माझं डोकं मांडीवर घेऊन रात्री काढल्यात. आणि हीच कळशी खाली ठेवून, नरसाळं झटकून, मला सांगत होती, जसं काही दुधात पाणी घातल्याचं सांगावं.

"का?" मी विचारलं.

"रिटायर झाल्यावर दोन वर्सं ह्यो माणूस भिंतीकडं तोंड करून बसलता. जेव म्हटलं तर जेवायचा, झोप म्हटलं तर झोपायचा. गाडी आली आणि माणूस परत आला. रविवारी घरात हसू ऐकू यायला लागलं. मी पोह्याची कढई चढवायची, डॉक्टर माझ्याशी बोलायचं, सुभेदार बोलायचं. आमाला तरी कोण हाय गं बोलायला? गाडी चालू झाली की गाववाली नेणार. मग रविवार संपला. मग परत भिंत."

"आणि माझे आण्णा?"

इथं मात्र त्यांचा चेहरा पडला. "गाडी नुसती चालू व्हणार न्हाय, एवढंच मला वाटलं. पंप जाम व्हतोय हे मला काय ठाऊक? ह्यांनी आण्णांचं नाव घेतलं आणि माझी वाचाच बसली. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ऱ्हायलंच की."

ऱ्हायलंच की! माझ्या बापाची अब्रू, आणि ती 'ऱ्हायली'. मी ओरडले, आण्णा. सासूवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी शेडचे पत्रे वाजले असतील. मी म्हटलं, उद्या पूजेला सगळे येणार आहेत, ज्यांच्या देखत माझ्या बापाला चोर म्हटलं गेलं तेच सगळे. त्यांच्या देखत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. त्या नुसतं "व्हय" म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी गाडीखाली शिरून टाकीचं खालचं बूच काढलं. मी तुमची लेक, तेवढं मला येतं. आधी पाणी आलं, मागून डिझेल. सगळं उपसून टाकी पुसली आणि पिंपातलं नवं डिझेल भरलं. दोघी अंगभर माखलो होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. तात्यांनी स्टार्टर दाबला आणि शक्तिमान चालू झाली. अशी चालू झाली की शेजारची कुत्री पळाली! सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं, गाववाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "जरा बंद करा. मला बोलायचं हाय."

आणि त्यांनी सांगितलं. काहीही लपवलं नाही. त्या खेपेला पाणी मी ओतलं, ज्ञानूरावांचा काही दोष नव्हता, त्यांनी पंपात घातलेलं सामान नवंच होतं. डॉक्टरांनी हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवली. आदर्श भिंतीला टेकले. मी तात्यांकडं बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार, नाहीतर बायकोवर हात उगारणार. मी पुढं होऊन तयारच राहिले होते.

तात्या कॅबिनमधून सावकाश उतरले. म्हणाले, "ठाऊक हाय मला."

कुणाला काही कळेना. मलाही कळेना.

"दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली तवाच कळलंतं. खाली पाणी साचलंतं. आणि तुझा देवाचा तांब्या मागच्या चाकाजवळ पडलाता. मीच घासून देवघरात ठेवला."

आण्णा, हेच मला लिहायचं नव्हतं. याच्याच भोवती मी खोकला, झेंडू आणि रस्ता फिरवत होते. सासूबाईंचं मी कसंबसं गिळलं असतं. बाई एकटी पडायला घाबरली, चुकली, वर तोंड शिवून बसली. पण तात्यांना ठाऊक होतं! तुम्ही हात धुऊन गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. म्हणूनच पंपाला हात लावत नव्हते. तुमचं वर्कशॉप बंद झालं तेव्हा याच माणसानं माझ्यासमोर "अरेरे" म्हटलं होतं.

मी विचारलं. सगळ्यांच्या देखत विचारलं. "तात्या, रोज सकाळी माझ्या हातचा चहा घेताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटायचं," म्हणाले. "रोज वाटायचं, पोरी. पण एकाला तरी चोर ठरवायला लागणार हुतं. व्याही लांब ऱ्हातोय. बायको समोर हाय."

सरळ सांगितलं. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. सासूबाई तर त्यांच्याकडं अशा बघत होत्या, जणू हा माणूस कोण ते त्यांना ठाऊकच नाही. दोघं एकमेकांना वाचवत बसले आणि मधल्यामध्ये तुम्हाला गाडलं. मंडळी न जेवता गेली. मोठे सुभेदार जाताना एवढंच म्हणाले, "तात्या, रणात आपल्याच माणसाला सोडून येणाऱ्याला आम्ही काय म्हणतो, ते तुमाला सांगायला नको." 

तेव्हापासून घरात भांड्यांचेच आवाज आहेत. आदर्शनी बापाला सांगितलंय, मिस्त्रींचं नाव जिथं घालवलंत तिथं जाऊन परत द्या. काल सोनं द्यायला तात्या माझ्यापुढं आले. मी हात पुढं केला नाही. म्हातारा माणूस आपट्याची पानं घेऊन उभा होता आणि मी आत निघून गेले. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

आता मुद्द्याचं. बारा तारखेच्या रविवारी तात्या आणि सासूबाई गडहिंग्लजला येणार आहेत. एस.टी.नं नाही, मोटारीनं नाही. ती शक्तिमान घेऊन, डॉक्टर आणि दोन्ही सुभेदारांना हौद्यात बसवून, बाजारातून, तुमच्या वर्कशॉपच्या रस्त्यानं तुमच्या दारात. ज्यांनी ऐकलं त्यांच्याच देखत, भर रस्त्यात, तात्या माफी मागणार म्हणतात. गाववाल्यांना त्यांनी सांगितलंय की ज्ञानू मिस्त्री पंपावर हात ठेवून 'न्या' म्हणत नाहीत तोवर गाडी मिळणार नाही.

माफ करा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. करू नका, असंही म्हणणार नाही. दार उघडायचं की कडी लावून बसायचं, ते तुमचं. तुम्ही कडी लावलीत तर माझं सासर तिथंच तुटेल, हे मला दिसतंय. म्हणून तुम्ही मन मारून दार उघडाल, हेही दिसतंय. तसं करू नका, आण्णा. माझ्यासाठी एकदा गप्प बसलात, तेवढं पुष्कळ झालं.

सासूबाई मला म्हणाल्या, तूही चल गाडीतून, तू असलीस तर ते दार उघडतील. मी नाही म्हटलं. मी राजवीरला घेऊन शनिवारीच एस.टी.नं येते. रविवारी ती गाडी दारात थांबेल तेव्हा मला दाराच्या आतल्या बाजूला, तुमच्या शेजारी उभं राहायचंय.

ज्ञानू मिस्त्रींची लेक,
अनुजा