भाईंच्या चिठ्ठीतला आकडा

९ एप्रिल, बुधवार
येरमाळ्याच्या हायवेवरच्या दवाखान्यात इंटरनेटचा नवीन स्विच बसवला. दवाखान्यातल्या सगळ्या तारा या एकाच पेटीत येतात. मकबूलभाई त्यांच्या कळंबच्या दुकानात थांबले. सेटिंग पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर. आजवर तोंडी सांगायचे, या वेळी चिठ्ठी दिली. "पोर्ट १ सगळ्यात पुढं. पेटीचा पत्ता शेवटी ११." म्हणजे एक नंबरच्या तारेला आधी वाट, बाकीच्यांनी थांबायचं. अतिदक्षता वॉर्डातलं कॅमेऱ्याचं चित्र सोलापूरचे डॉक्टर तिथून बघतात, ते अडकू नये म्हणून. पत्ता यासाठी, की भाईंना दुकानातून पेटी उघडता यावी. चिठ्ठीशी दोनदा ताडून पाहिलं. सेव्ह केलं. सेव्ह केलं नाही तर लाईट जाऊन आल्यावर पेटी सगळं विसरते. दहावी नापास माणसाच्या हातात वॉर्ड...

१० एप्रिल, गुरुवार
भाईंचा फोन. "पेटी इथून खुलत न्हाई रे. पत्ता बरोबर टाकलास ना?"
टाकलाय म्हणालो. दोनदा पाहिलाय.
"मग माझ्याकडंच काही गडबड असंल."
त्यांनी स्वतःवर घेतलं, त्याचीच जास्त भीती वाटली.
दुपारी दवाखान्यात जाऊन लॅपटॉपवर ११ टाकलं. पेटीऐवजी बिलाच्या प्रिंटरचं पान उघडलं. एका पत्त्यावर दोन घरं. काल प्रिंटर बंद होता म्हणून कळलं नाही. लॅपटॉप मिटून घरी आलो.

११ एप्रिल, शुक्रवार
देवीच्या यात्रेची गर्दी. हॉल भरलेला, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. वॉर्डात खाट तीनवर माकणीचे एक तात्या आहेत, छातीत दुखून आलेले. त्यांची मुलगी हॉलमध्ये बसून असते. मला म्हणाली, "दादा, तुमचं वायफाय लई पळतंय बघा. घरी बी एवढं पळत न्हाय."
बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत. मग वाटलं, एवढ्या गर्दीत हॉलचं का पळावं?

१२ एप्रिल, शनिवार. पौर्णिमा
सोलापूरच्या डॉक्टरांच्या संध्याकाळच्या फेरीला चित्र थांबलं. वॉर्डाच्या कांबळे सिस्टरनी फोन स्पीकरवर ठेवलेला. डॉक्टर विचारत होते, "सिस्टर, खाट तीनचा पेशंट हलत नाही का तुमचं चित्र हलत नाही?"
सिस्टर पळत तात्यांजवळ गेल्या. तात्या म्हणाले, "हाय की मी. च्या कधी मिळंल?"
सगळे हसले. मी पेटीकडं गेलो.
खिशातली चिठ्ठी काढून उजेडात धरली. भाई उर्दू शाळेत शिकलेले. मजकूर मराठीत लिहितात, पण आकडे इंग्रजीत. इंग्रजी नऊ आणि आपला एक, दोन्हीला वर गोल आणि खाली शेपूट. त्यांनी पोर्ट नऊ लिहिलंय. पत्ता नव्याण्णव. पेटीवर पाहिलं: एक नंबर हॉलचं वायफाय, नऊ नंबर वॉर्ड. डॉक्टरांना मागं ठेवून मी मोबाईलवाल्यांना पुढं काढलं.
दोनदा तपासलं म्हणजे एकच चूक दोनदा वाचली. शुद्धलेखनात माझी वेलांटी कधी चुकली नाही, आणि आकडा...

१३ एप्रिल, रविवार
गाव यात्रेच्या रिवाजानं चुनखडी वेचायला गेलेलं, हॉल रिकामा. कांबळे सिस्टरना सगळं सांगितलं.
"मला कशाला सांगतोस? भाईंना सांग." मग घड्याळ बघून, "प्रिंटर किती वेळ बंद पाहिजे? उद्या जयंती, मी रजेवर आहे. काय करायचं ते आत्ता, माझ्यासमोर कर."
प्रिंटरची वायर काढली. ११ वर पेटी उघडली. नऊ पुढं, एक मागं. पत्ता ९९ केला आणि पान गेलं. ९९ टाकल्यावर परत आलं. तेवढ्यात खाली भाईंचा हॉर्न. लॅपटॉप न्यायला आलेले. घाईत मिटून दिला. चिठ्ठीचं बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून "येतो भाई" एवढंच निघालं.
सहा वाजता दुकानातून त्यांचा फोन. "आता खुलतंय रे! आधी का खुलत नव्हतं?"
"काय की," म्हणालो.

तेव्हापासून एकच. सेव्ह दाबलं का? ९९ वर पान आलं, नऊ पुढं दिसलं, हॉर्न वाजला. मधे बोट कुठं होतं ते आठवत नाही. पेटीची बॅटरी अजून आलेली नाही. लाईट गेली तर जनरेटर लागेपर्यंत ती बंद, आणि सेव्ह नसेल तर उठेल ती बुधवारच्या चुकीसकट. डॉक्टरांची फेरी साडेसातला.

सात वाजून पाच मिनिटं. माझ्या खोलीसमोरची पिठाची गिरणी हळू होत होत थांबली. गल्लीत अंधार.

सव्वासात. दवाखान्याचा जनरेटर इथपर्यंत ऐकू येतोय, म्हणजे पेटी उठली असेल. कशी उठली ते भाईंनाच दिसेल. ९९ खुललं तर सेव्ह झालंय. आधी चिठ्ठीचं सांगायचं, मग विचारायचं. उलटं करायचं नाही. फोन लावलाय. रिंग जातेय.