खोकली की नाक सोड

४ ऑक्टोबर २००३

आज मागच्या शेडमधून पेट्रोलचा वास आला आणि मी एकदम सतरा वर्षांची झाले!

बाबांचं अंगण. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आलेली, पायात पांढरे मोजे. आणि पलीकडच्या गावचा ओरेल आमची पहिलीवहिली चेनसॉ, पेट्रोलवरची करवत, सुरू करतोय. दोरी ओढतोय, ओढतोय, ओढतोय. मी विचारलं, "आजारी आहे का ती?"

"गारठलीय. म्हणून नाक दाबून धरलंय." त्याने चोकचा खटका दाखवला. "पहिल्यांदा खोकली की नाक सोडायचं. नाही सोडलं तर पेट्रोल पिऊन पिऊन बुडते."

आणि माझ्याकडे बघण्याच्या नादात बाईसाहेब खोकल्या ते त्याला कळलंच नाही — बुडवली! मग प्लग वाळेपर्यंत दोघं पायरीवर बसून मेपलच्या पाकात पाव बुडवून खात राहिलो. एवढंच. पण आमचं लग्न त्या ओल्या प्लगने जमवलं असं मी अजून मानते.

५ ऑक्टोबर

वास कुठून आला ते मात्र कळेना. जुनी करवत खुंटीला आहे. ती दोरीला असा उलटा हिसका देते की गेल्या हिवाळ्यात ओरेलचा खांदाच धरला. नवी, आमच्या मुलाने, नॉर्मांने, बापाला नाताळात दिलेली, खोक्यात पडून आहे. ओरेल तिला 'मॅडम' म्हणतो. "पेट्रोल चढवायला रबरी बुडबुडा, दोरी हलकी करायला बटण! ही करवत आहे की लिफ्ट?"

अंगणात ओंडके वसंतापासून तसेच आडवे. स्टोव्हच्या मापाचा एक तुकडा नाही. विचारलं की म्हणतो, "बघतो."

१३ ऑक्टोबर — थँक्सगिव्हिंग, आमच्याकडचा सुगीचा सण

नॉर्मां आला, नात कोरिनला घेऊन. जेवण झाल्याबरोबर खिशातून फोटो काढले — शहरातली म्हाताऱ्यांची इमारत.

"आई, बघ तरी. नळाला गरम पाणी, खाली छोटं चॅपल, लिफ्ट—"

"लिफ्ट शेडमध्ये आहे," ओरेल म्हणाला. "तूच दिलीस." कोरिन एकटीच हसली.

"बाबा, थट्टा पुरे. लाकूड नाही, तर हिवाळ्यात जाळणार काय? खुर्च्या? ऑल सेंट्सपर्यंत, एक नोव्हेंबरपर्यंत, शेड भरा. तुम्ही दोघांनी हं, शेजारच्या रोझेरने नाही. भरलीत तर वसंतापर्यंत मी तोंड उघडणार नाही. नाही भरली, तर बर्फाआधी सामान हलवायचं."

"कबूल!" ओरेल म्हणाला.

मला कुणी विचारलं? हा स्टोव्ह माझ्या आईचा. याच्यापुढे मी नॉर्मांचे लंगोट वाळवले. मला नाही जायचं कुठे.

१४ ऑक्टोबर

"आज सुरू करतो," म्हणाला. नाही केलं.

१६ ऑक्टोबर

वाटाण्याचं सूप घेऊन शेडकडे गेले. दार अर्धं उघडं.

मॅडम खोक्याबाहेर! तिच्या मागच्या मुठीत बुटाचं टोक अडकवलेलं, चोक ओढलेला. ओरेल बुडबुडा दाबतोय, दारावरची घंटा वाजवावी तसा. मग इकडेतिकडे बघितलं, चर्चमध्ये जांभई द्यायच्या आधी बघतो तसं — आणि बटण दाबलं! माझं हसू तोंडातच राहिलं.

ओढली. खोकली. स्वच्छ, छोटा खोकला. कॉन्व्हेंटात प्रार्थनेला मागच्या बाकावरून सिस्टर क्लोतिल्द खोकायची तसा. आता चोक आत ढकलेल म्हटलं — तर न बघता, सवयीने बटण दाबून पुन्हा ओढली. पुन्हा. पुन्हा.

"खोकली रे!" मी म्हटलं.

वळला नाही.

"ओरेल! खोकली!" मी त्याच्या पाठीशी उभी होते. हात लांबवला असता तर शर्ट लागला असता.

पेट्रोलचा वास आला. त्याने प्लग काढला, पुसला, ओंडक्यावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी मागच्या मागे गेले. झाकण वाजवत, पाय आपटत पुन्हा आले. "सूप? अरे वा!" म्हणाला. मी समोर आल्यावर.

१७ ऑक्टोबर

आता सगळं जुळतं. उभा जन्म जंगलात करवत चालवत, कानांवर कधी काही घातलं नाही. जुनीचा खोकला त्याला हाताला लागायचा, दोरी जड होती ना. बटण दाबलं की दोरी इतकी हलकी होते की हाताला काही कळत नाही. आणि कान... वसंतापासून लपूनछपून बुडवतोय मॅडमला!

आणि मला वाटायचं, रात्रीच्या जपमाळेच्या प्रार्थनेला मागून उत्तर द्यायचा कंटाळा करतो.

तोंडावर कसं सांगू? करवतीबरोबर आलेली पुस्तिका वाचली, अगदी बारीक टाइपातली सुद्धा. नन्सनी एवढी शिस्त लावली आहे. एक ओळ सापडली!

१८ ऑक्टोबर

"मॅडमशी माझी ओळख करून दे," मी म्हटलं.

"तुझी? मोजे काळे होतील, कॉन्व्हेंटवाली."

पण शिकवलं, ऐटीत. बुडबुडा, चोक, बटण. मी ओढली. खोकली — आणि बटण टुणकन वर!

"अगबाई, हे का उडालं?" साळसूदपणे.

तो बटणाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "खोकली म्हणून."

"म्हणजे ऐकायची गरजच नाही? नुसतं बघितलं तरी चालतं?"

 त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "तू फार बारीक बघतेस, लॉरेत."

"कुणीतरी बघायला हवं ना. तू माझ्याकडे बघत होतास तेव्हा एक बुडाली होती."

चोक अर्धा आत, बटण पुन्हा खाली, त्याने एक ओढ दिली — सुरू! रोझेरची कोंबडी कुंपण ओलांडून पळाली.

२४ ऑक्टोबर

तो कापतो, मी रचते. हाडं बोलतात. आनंदाने बोलतात!

३० ऑक्टोबर

वरची शेवटची रांग लावताना पायाखालचं खोकं उलटलं. पडले. लागलं फारसं नाही, घोटा मुरगळला. पण उठवेना. ओरेल तिथेच, पाठमोरा, साखळीला कानस लावत. करवत बंद. मी हाका मारल्या. नावाने मारल्या, मग नुसत्याच. त्याची कानस एका लयीत चालू.

तुकडा घ्यायला वळला तेव्हा दिसले. चेहरा राखेसारखा. मला उचलून पायरीवर बसवलं. त्याच्या त्या खांद्याने!

"किती वेळ झाला?"

"आत्ताच पडले रे."

"खोटं बोलू नकोस." मग माझ्या घोट्याला थंड फडकं गुंडाळत म्हणाला, "तिला बटण आहे, लॉरेत. तुला नाही."

१ नोव्हेंबर — ऑल सेंट्स

शेड छतापर्यंत भरली! नॉर्मां आत शिरला, बोटाने लाकडं दाबून बघत. "रोझेरने—?" "त्याला विचार," मी म्हटलं. "त्याची कोंबडी अजून आमच्यावर रागावलीय."

"हरलो, बाबा."

कोरिनने स्वतः मॅडम सुरू करून पाहिली. दुसऱ्या ओढीला! साखरेचं सारण भरलेली गोड पाई सगळी संपली. ओरेल नॉर्मांला गाडीपर्यंत पोचवायला गेला.

२ नोव्हेंबर

ओरेलनेच काल नॉर्मांला गाडीपाशी गाठून विचारलं, त्या इमारतीतला फ्लॅट अजून रिकामा आहे का. मला आज सांगितलं. "हरून जायचं नव्हतं. आता जिंकलो, आता जाऊ. तिथे भिंतीला लागून माणसं आहेत. तू हाक मारलीस तर कुणीतरी ऐकेल." मी भांडायला उठले, घोटा दुखला, आणि मी वाटणीची यादी करायला ही वही घेतली.

तर —

शेडमधलं सगळं लाकूड रोझेरला. कोंबडीची भरपाई.

जुनी करवत नॉर्मांला. एकदा ओढून बघ म्हणावं.

मॅडम कोरिनला. पोरी, खोकली की नाक सोड. ऐकू आलं नाही तर बटण बघ.

आईचा स्टोव्ह घरालाच.

माझे कान ओरेलला.