काळू पाणी का पीत नव्हता

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

दोन दिवस आमचा काळू पाण्याला तोंड लावेना. मी वाडगं पुढं केलं की अंग चोरून कोपऱ्यात. पाण्याला भितो म्हणजे कुत्रं पिसाळलं, असं मीच ठरवलं. कुत्री मारणाऱ्याला उद्या ये म्हणून सांगूनही आलो.

बायकोनं ऐकलं न्हाई. लातूर जिल्हा झाल्यावर इथं आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आली. त्यानं लांबूनच बराच वेळ काळूला बघितलं. मग मला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी दाराआड गेलो आणि आतून लपालपा पिण्याचा आवाज आला. सगळं वाडगं संपवलं.

डॉक्टर म्हणाला, "भाकर खातोय, पाणी पितोय. हा पिसाळलेला नाही. हिरड्या सुकल्यात, सलाईन लावतो. पण पाण्यापाशी याला कुणी मारलंय का?"

बायको माझ्याकडं बघाया लागली.

पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो. हंड्यात तोंड घातलं म्हणून मी त्याला फुंकणीनं मारलं होतं. एकदाच? न्हाई, तीन-चारदा.

त्या कुत्री मारणाऱ्याला येऊ नको म्हणून सांगून आलो. मघाशी वाडगं भरून ठेवलं, तर काळू नुसता माझ्या हाताकडं बघत बसला.

म्हणून हे अंगणात बसून लिहितोय. आत तो पाणी पितोय.